गच्चीवरचे ऊन, रात्रीची वीज

घराच्या गच्चीवर बसवलेल्या सौर यंत्रणेकडून दोन कामांची अपेक्षा असते. एक, विजेचे बिल कमी करणे. दुसरे, वीज गेल्यावर घर चालू ठेवणे. पहिले काम पॅनेल आणि इन्व्हर्टर मिळून करतात, दुसऱ्यासाठी बॅटरी लागते. पॅनेल बसले की वीज जाण्याची कटकट आपोआप संपते, असा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. बॅटरी नसलेली साधी सौर यंत्रणा भर दुपारी, लख्ख उन्हातसुद्धा, बाहेरची वीज गेली की बंद पडते. म्हणून या दोन कामांचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागतो. पॅनेल किती घ्यायचे हे वर्षभराच्या बिलांवरून ठरते आणि बॅटरी किती मोठी हवी हे वीज नसलेल्या तासांवरून ठरते.

पॅनेल: किती आणि कुठे

प्रकाश पडल्यावर वीज निर्माण होऊ शकते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ एडमंड बेकरेल यांनी १८३९ मध्ये दाखवले. उपयोगाचा सिलिकॉन सौरघट मात्र १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला. त्यावर पडणाऱ्या उन्हापैकी सुमारे ६ टक्के ऊर्जाच विजेत उतरत होती. आज बाजारात मिळणारी चांगली पॅनेल २१-२२ टक्क्यांपर्यंत पोहोचली आहेत. घरांवर सध्या ५४० ते ५५० वॅटचे पॅनेल पुष्कळ ठिकाणी दिसते. ते सुमारे सव्वादोन मीटर लांब, एक मीटरहून थोडे अधिक रुंद आणि २७-२८ किलो वजनाचे असते. अशी सहा पॅनेल बसवली की ३ किलोवॅटची यंत्रणा होते.

१ किलोवॅटच्या पॅनेलसाठी साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते. महाराष्ट्रातील उन्हात १ किलोवॅटमागे वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट वीज मिळते. म्हणजे ३ किलोवॅटची यंत्रणा दिवसाला १२ आणि महिन्याला ३५० च्या आसपास युनिट देते. ही सरासरी आहे. मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात आकडा वर जातो आणि आषाढ-श्रावणातल्या झडीत तो निम्म्यावर येऊ शकतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर ही घट अधिक जाणवते.

पॅनेलवर लिहिलेली क्षमता प्रयोगशाळेतली असते. सौरघटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस असताना आणि दर चौरस मीटरला १००० वॅट ऊन पडत असताना मिळणारी ती वीज आहे. सिलिकॉनला प्रकाश हवा असतो, उष्णता सोसत नाही. तापमान एक अंशाने वाढले की उत्पादन साधारण ०.३५ टक्क्याने घटते. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात पॅनेल ६० अंशांपर्यंत तापले, तर २५ अंशांच्या वर ३५ अंश म्हणजे जवळपास १२ टक्के वीज केवळ उष्णतेपायी जाते. म्हणून पॅनेल पत्र्याला चिकटवून बसवू नयेत. खालून वारा खेळायला मोकळी जागा ठेवावी.

भारत उत्तर गोलार्धात असल्याने पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे ठेवतात. त्यांचा उतार ढोबळमानाने त्या गावाच्या अक्षांशाइतका असला की वर्षभराचे उत्पादन चांगले मिळते. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश, मुंबईचा एकोणीस, नागपूरचा एकवीस. उतारात दोन-चार अंशांचा फरक पडला तरी फारसे बिघडत नाही. आग्नेय किंवा नैऋत्य दिशेलाही थोड्याच नुकसानीत काम भागते. नडते ती सावली.

पॅनेलमधले सौरघट एकापुढे एक जोडलेले असतात आणि पॅनेलही एकमेकांना तसेच जोडतात. शेतातल्या पाटात एका ठिकाणी दगड अडकला की पुढच्या सगळ्या वाफ्यांना पाणी कमी पडते, तसा हा प्रकार आहे. एका घटावर सावली पडली तर त्याच्या ओळीतला सगळा प्रवाह रोडावतो. हे नुकसान आवरण्यासाठी पॅनेलच्या मागे बहुधा तीन बायपास डायोड असतात. सावलीतला भाग बाजूला ठेवून उरलेला प्रवाह ते पुढे जाऊ देतात, पण पॅनेलचा एक-तृतीयांश भाग तेवढा वेळ बाद होतो. पाण्याच्या टाकीची, शेजारच्या नारळाची किंवा डिश अँटेनाची हातभर सावलीसुद्धा महाग पडते ती यामुळे.

सावलीची पाहणी कोणत्या महिन्यात झाली, यालाही महत्त्व आहे. मेच्या मध्यावर पुण्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. त्या वेळी गच्चीवर उभे राहिले तर टाकीची सावली तिच्या पायाशीच गोळा झालेली दिसते आणि सगळी जागा मोकळी वाटते. डिसेंबरच्या अखेरीस तोच सूर्य दुपारीही दक्षिणेला ४८ अंशांवरच असतो. दीड मीटर उंचीच्या टाकीची सावली तेव्हा भर बाराच्या सुमारास उत्तरेकडे सव्वा मीटरहून लांब पडते, सकाळ-संध्याकाळी तर त्याहूनही लांब. उन्हाळ्यात आखलेली जागा हिवाळ्यात सावलीत जाते ती अशी. चांगला तंत्रज्ञ डिसेंबरची सावली गृहीत धरून पॅनेल आखतो. घरमालकानेही तो प्रश्न विचारावा.

पॅनेल ज्या लोखंडी सांगाड्यावर बसतात त्याकडे सहसा कोणी नीट पाहत नाही. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. तिरके पॅनेल हे शिडासारखे असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा पत्रे, झाडे आणि खांब उडालेले कोकणाने पाहिले आहेत. सांगाडा गरम जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा किंवा अॅल्युमिनियमचा, नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे आणि पाया स्लॅबला पक्का धरलेला असावा. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत तर साधे रंगवलेले लोखंड काही पावसाळ्यांतच गंजून जाते. स्लॅबला छिद्रे पाडली असतील तर ती पावसाळ्यापूर्वी जलरोधक लेपाने बंद करून घ्यावीत. नाहीतर पॅनेल वीज देते आणि खालची खोली गळते.

इन्व्हर्टर आणि नेट मीटर

पॅनेलमधून येणारी वीज एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डीसी असते. घरातली उपकरणे एसी विजेवर चालतात. हे रूपांतर इन्व्हर्टर करतो. घरगुती यंत्रणेत इन्व्हर्टरचे तीन प्रकार येतात आणि यंत्रणेचा स्वभाव त्यांवरच ठरतो.

पहिला ऑन-ग्रिड. तो वीज कंपनीच्या वाहिनीशी जोडलेला असतो. दुपारी घरात २ युनिट लागत असताना ८ युनिट तयार झाली, तर उरलेली ६ युनिट वाहिनीत जातात आणि रात्री घर वाहिनीतून वीज घेते. नेट मीटर दोन्हीकडची मोजदाद ठेवतो आणि बिल फरकाचे येते. एका महिन्यात शिल्लक राहिलेली युनिट पुढच्या महिन्यात ओढली जातात आणि आर्थिक वर्षाच्या शेवटी त्यांचा हिशेब होतो.

बाहेरची वीज गेली की हा इन्व्हर्टर काही क्षणांत स्वतःला बंद करतो. हा दोष नाही, ही सक्तीची सुरक्षा आहे. वाहिनी बंद करून खांबावर चढलेल्या वायरमनला खाली एखाद्या घरातून उलटा प्रवाह आला तर त्याचा जीव जाईल. गच्चीवर ऊन आहे आणि घरात पंखा बंद आहे, असे दृश्य दिसते ते या कारणाने.

दुसरा ऑफ-ग्रिड. त्याचा वाहिनीशी संबंध नसतो. पॅनेल बॅटरी भरतात आणि घर बॅटरीवर चालते. जिथे खांब पोहोचलेले नाहीत अशा दुर्गम पाड्यांवर किंवा गावापासून दूरच्या शेतघरात तो योग्य ठरतो. पण चार दिवस सूर्य दिसला नाही तरी भागेल एवढी बॅटरी त्यात घ्यावी लागते, आणि उन्हाळ्यात बॅटरी भरल्यावरची जादा वीज वाया जाते.

तिसरा हायब्रिड. तो वाहिनीशीही जोडलेला असतो आणि बॅटरीशीही. दिवसा पॅनेलची वीज आधी घराला, मग बॅटरीला आणि उरलेली वाहिनीला, असा क्रम त्यात लावता येतो. बाहेरची वीज गेली की तो वाहिनीपासून घर तोडतो आणि बॅटरी व पॅनेल यांवर घराचा ठरावीक भाग चालू ठेवतो. दुपारी वीज गेली तर पॅनेल कामात राहतात आणि बॅटरी भरतही राहते. बॅटरीसह सौर यंत्रणा म्हणतात ती बहुतेक वेळा हीच.

'घराचा ठरावीक भाग' हे शब्द महत्त्वाचे आहेत. बॅकअपची लाइन वेगळी काढून तिच्यावर दिवे, पंखे, फ्रिज, वायफाय आणि एखादा टीव्ही एवढेच ठेवतात. गीझर २ किलोवॅट खातो. पाण्याच्या १ अश्वशक्तीच्या पंपाला चालताना पाऊण किलोवॅटहून थोडे अधिक लागते, पण सुरू होतानाच्या क्षणी मोटर त्याच्या कित्येक पट प्रवाह ओढते. ही दोन उपकरणे बॅकअपवर घेतली की इन्व्हर्टर आणि बॅटरी दोन्ही अकारण मोठी घ्यावी लागतात. टाकी दिवसा भरून ठेवणे हीच पंपासाठी सगळ्यात स्वस्त साठवण आहे.

बॅटरीचा हिशेब

बॅटरीची निवड दुकानातल्या फलकावरून होऊ नये, घरातल्या गरजेवरून व्हावी. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले की १ युनिट खर्च होते, एवढे एकच सूत्र त्यासाठी पुरते.

उदाहरणासाठी चार खोल्यांचे घर घेऊ. रात्रभरात ८ तास वीज नाही असे धरू. कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचे चार पंखे प्रत्येकी ३० वॅट, आठ तासांचे ०.९६ युनिट. ९ वॅटचे सहा एलईडी दिवे चार तास, ०.२२ युनिट. १२ वॅटचा वायफाय आठ तास, ०.१० युनिट. ८० वॅटचा टीव्ही तीन तास, ०.२४ युनिट. फ्रिज चालू-बंद होत सरासरी ६० वॅट घेतो असे धरले तर ०.४८ युनिट. सगळ्याची बेरीज २ युनिट.

आता याच घरात जुने ७५ वॅटचे पंखे असते तर? तेच चार पंखे आठ तासांत ०.९६ ऐवजी २.४ युनिट खातील आणि बेरीज ३.४ च्या वर जाईल. म्हणजे फक्त पंखे बदलल्याने जवळपास दीड युनिटची बॅटरी वाचते. बॅटरीवर पैसे घालण्याआधी पंखे आणि दिवे बदलावेत, हा सल्ला सौर तंत्रज्ञ देतात तो या गणितामुळे.

२ युनिटची गरज दोन प्रकारच्या बॅटऱ्यांनी भागवता येते. पहिली शिसे-आम्लाची ट्यूब्युलर बॅटरी. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत जिन्याखाली किंवा ट्रॉलीवर ती आधीपासून बसलेली आहे. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाची अशी एक बॅटरी कागदावर १.८ युनिट साठवते. पण ती पुन्हापुन्हा पूर्ण रिकामी केली तर लवकर मरते, म्हणून निम्मीच वापरायची असते. इन्व्हर्टरमधली घट धरली तर हाती पाऊण युनिट किंवा किंचित जास्त येते. २ युनिटसाठी अशा तीन बॅटऱ्या लागतील. डिस्टिल्ड वॉटर पाहत राहावे लागते, आणि चार ते सहा वर्षांत ती बदलण्याची वेळ येते. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे बंद कपाटात ती कधीही ठेवू नये.

दुसरी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. लिथियम-आयन बॅटरीच्या विकासासाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना मिळाले. त्यांतील गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतच १९९० च्या दशकात लोह-फॉस्फेटचा हा प्रकार पुढे आला. मोबाइलमधल्या नेहमीच्या लिथियम बॅटरीपेक्षा तो उष्णतेला अधिक टिकतो आणि पेट घेण्याचा धोका त्यात कमी असतो, म्हणून घरासाठी हाच प्रकार घ्यावा. बाजारात त्याचे ठरलेले माप ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तास असते, म्हणजे ५.१२ युनिट. आत ३.२ व्होल्टचे १६ घट एकापुढे एक असतात, आणि प्रत्येक घट जास्त भरू नये, जास्त रिता होऊ नये, तापू नये यावर बीएमएस नावाचे छोटे इलेक्ट्रॉनिक यंत्र लक्ष ठेवते. ही बॅटरी ८० ते ९० टक्क्यांपर्यंत वापरता येते. इन्व्हर्टरमधली घट धरूनही हाती ४ युनिटच्या आसपास येतात. हजारो वेळा भरून रिकामी होण्याची तिची तयारी असते आणि साधारण दहा वर्षांची साथ मिळते. वर उल्लेखलेल्या घराला अशी एक बॅटरी पुरून उरते.

आधीपासून इन्व्हर्टर आणि ट्यूब्युलर बॅटरी असलेल्या घरांसाठी आणखी एक सोपा मार्ग आहे. तो संच तसाच ठेवून गच्चीवर साधी ऑन-ग्रिड यंत्रणा बसवावी. दिवसा जुना इन्व्हर्टर घरातल्या विजेवर, म्हणजे पर्यायाने उन्हावरच, बॅटरी भरत राहतो. वीज गेली की पॅनेल थांबतात, पण दिवे-पंखे जुन्या बॅटरीवर चालतात. रोज तास-दोन तास वीज जाणाऱ्या गावांत एवढे पुरेसे होते. बॅटरीचे आयुष्य संपेल तेव्हा लिथियमचा विचार करावा.

पैशाचा हिशेब

केंद्र सरकारची 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. १ कोटी घरांवर सौर यंत्रणा बसवण्याचे तिचे उद्दिष्ट आहे आणि त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली. १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० रुपये आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला ७८,००० रुपये अनुदान मिळते. गृहनिर्माण संस्थांना लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे अशा सामाईक वापरासाठी दर किलोवॅटला १८,००० रुपये मिळतात. अनुदानासाठी पॅनेल आणि त्यातले घट भारतात बनलेले असावे लागतात आणि काम नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच करून घ्यावे लागते. अनुदान पॅनेलच्या क्षमतेवर ठरते. बॅटरी त्यात धरलेली नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर पॅनेलवरचा वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळेही खर्च थोडा उतरला.

३ किलोवॅटच्या ऑन-ग्रिड यंत्रणेला, सांगाडा आणि कंपनीनुसार, ढोबळमानाने पावणेदोन ते दोन लाख रुपये लागतात. अनुदान वजा जाता लाख-सव्वा लाख रुपये घरातून घालावे लागतात. महिन्याला ३०० युनिटच्या आसपास वापर असलेल्या घराचे हे पैसे साधारण चार-पाच वर्षांत वसूल होतात. विजेचे दर टप्प्याटप्प्याने वाढत असल्याने १०० आणि ३०० युनिटच्या वरचे युनिट अधिक महाग असते आणि सौर वीज आधी तेच वाचवते. जिथे वापर महिन्याला ७०-८० युनिटच आहे, तिथे १ किलोवॅटहून मोठी यंत्रणा बसवण्यात अर्थ नाही.

बॅटरीचे गणित निराळे आहे. ५ युनिटच्या लिथियम बॅटरीला १,२०,००० रुपये लागले आणि तिने आयुष्यात ४००० वेळा प्रत्येकी ४ युनिट दिली असे धरू. एकूण १६,००० युनिट होतात. म्हणजे वीज फुकट धरली तरी एक युनिट साठवायला साडेसात रुपये पडतात. नेट मीटरची सोय असेल तोवर वाहिनी हेच काम जवळपास फुकटात करते. त्यामुळे बिल वाचवण्यासाठी बॅटरी घेणे बहुतेक घरांना परवडत नाही. ती घ्यावी वीज जाण्याच्या त्रासासाठी. घरात ऑक्सिजनचे यंत्र लागणारा रुग्ण असेल, घरून काम चालत असेल, औषधे थंड ठेवायची असतील किंवा परीक्षेचा अभ्यास असेल, तर त्या विजेची किंमत युनिटच्या दरात मोजता येत नाही. हायब्रिड इन्व्हर्टर साध्या इन्व्हर्टरपेक्षा महाग असतो, ती रक्कमही या खर्चात धरावी. दिवसा आणि संध्याकाळी वेगवेगळे दर लावणारी पद्धत स्मार्ट मीटरबरोबर घरगुती ग्राहकांपर्यंत येऊ लागली आहे. दोन दरांतली दरी रुंदावली तर हे गणित बॅटरीच्या बाजूला झुकू शकते.

साठवण घरोघरी असायलाच हवी असेही नाही. गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यातले मोढेरा गाव अकराव्या शतकातल्या सूर्यमंदिरासाठी प्रसिद्ध आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ते चोवीस तास सौर विजेवर चालणारे गाव म्हणून जाहीर झाले. तिथे हजारांहून अधिक घरांवर १ किलोवॅटची छोटी यंत्रणा आहे, तर रात्रीसाठीची मोठी बॅटरी जवळच्या सौर प्रकल्पात एकत्र ठेवलेली आहे. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातले मान्याचीवाडी हे महाराष्ट्रातले पहिले सौरग्राम २०२४ मध्ये ठरले. तिथली घरे आपापल्या छतावर वीज तयार करतात आणि वाहिनीशी जोडलेली राहतात.

अर्जापासून जोडणीपर्यंत

योजनेच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर वीज ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी होते. बिलावरचे नाव, घराच्या कागदपत्रांवरचे नाव आणि बँक खात्यावरचे नाव जुळत नसेल तर काम तिथेच अडते. वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावरचे मीटर आधी आपल्या नावावर करून घेतलेले बरे. २०२४ च्या दुरुस्त नियमांनुसार १० किलोवॅटपर्यंतच्या घरगुती यंत्रणेला वीज कंपनीच्या तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची गरज राहिलेली नाही. नंतर नोंदणीकृत विक्रेता निवडणे, करार, उभारणी, नेट मीटर, वीज कंपनीची पाहणी आणि शेवटी खात्यात अनुदान, असा क्रम असतो. विक्रेत्याने पाच वर्षांची देखभाल देणे योजनेत बंधनकारक आहे. ते करारात लिहून घ्यावे.

इमारतीत राहणाऱ्यांचा प्रश्न वेगळा असतो. गच्ची सगळ्यांची असल्याने संस्थेच्या सभेत ठराव लागतो. अशा ठिकाणी सामाईक वापराची यंत्रणा आधी बसवणे सोपे जाते. लिफ्ट आणि पंपाचे बिल उतरले की त्याचा लाभ प्रत्येक सभासदाला देखभाल शुल्कात दिसतो.

दरपत्रकात पॅनेलची आणि इन्व्हर्टरची कंपनी, मॉडेल, सांगाड्याच्या लोखंडाची जाडी, केबलचे माप आणि हमीच्या अटी स्पष्ट असाव्यात. पॅनेलला साधारण २५ वर्षांची उत्पादन-हमी असते. दरवर्षी अर्ध्या टक्क्याच्या आसपास क्षमता घटत जाते असे त्यात धरलेले असते. इन्व्हर्टरची हमी बहुधा पाच ते दहा वर्षांची असते. नुसते '३ किलोवॅट, सर्व समाविष्ट' असे लिहिलेल्या दरपत्रकावर सही करू नये.

सुरक्षा आणि देखभाल

ऊन असेपर्यंत पॅनेल बंद करता येत नाही, ही त्याची सर्वांत मोठी खबरदारीची बाब. सहा पॅनेल एकापुढे एक जोडली की डीसी बाजूला ३०० व्होल्टच्या आसपास दाब तयार होतो. एसी विजेची ठिणगी लवकर विझते, डीसीची मात्र पेटती राहते. म्हणून पॅनेलचे जोड ठरलेल्या कनेक्टरनेच करावेत. वायर पिळून त्यावर टेप गुंडाळलेला जोड गच्चीवर कधीही चालवून घेऊ नये. डीसी आणि एसी बाजूंना वेगळ्या पेट्या, त्यांत फ्यूज, ब्रेकर आणि विजेच्या लाटेपासून बचाव करणारी उपकरणे हवीत. अर्थिंगचे तीन स्वतंत्र खड्डे असावेत: पॅनेल व सांगाड्यासाठी एक, इन्व्हर्टर व एसी बाजूसाठी दुसरा आणि वीज पडण्यापासून रक्षण करणाऱ्या दांड्यासाठी तिसरा. तिघांना एकाच खड्ड्यात बांधणे ही काही हजार रुपये वाचवणारी आणि घर धोक्यात घालणारी काटकसर आहे.

बॅटरी ऊन न लागणाऱ्या, हवेशीर, कोरड्या जागी ठेवावी. झोपायच्या खोलीत आणि घराबाहेर पडण्याच्या एकमेव वाटेवर ती नसावी. उष्णता हा बॅटरीचा मोठा शत्रू आहे. पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला टेकलेली बॅटरी आपले आयुष्य लवकर संपवते.

देखभाल फार नाही, पण नियमित हवी. पावसाळा सोडून दर पंधरवड्याला पॅनेल साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसावीत. हे काम सकाळी लवकर करावे. तापलेल्या काचेवर गार पाणी मारले तर काच तडकू शकते. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याने पांढरे डाग बसतात, म्हणून शेवटचे पाणी मऊ असावे. रस्त्याकडेच्या, वीटभट्टीजवळच्या आणि सुगीत मळणी चालू असलेल्या शिवारातल्या घरांनी सफाई अधिक वेळा करावी. इन्व्हर्टरच्या ॲपवर रोजचे उत्पादन दिसते. लख्ख ऊन असूनही आकडा सलग दोन-तीन दिवस घसरला तर धूळ, नवी सावली किंवा सैल झालेला जोड शोधावा. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये. शिसे माती आणि पाणी दोन्ही विषारी करते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती गोळा करून तिचा पुनर्वापर घडवून आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून ती विक्रेत्याकडेच परत करावी.

या सगळ्याचा क्रम सरळ आहे. आधी पंखे-दिवे बदलून गरज कमी करावी, मग बिलाच्या मापाने पॅनेल बसवावीत, आणि वीज खरोखर जात असेल तरच गरजेच्या मापाने बॅटरी घ्यावी. विक्रेत्याला बोलावण्यापूर्वी घरमालकाने दोन कागद तयार ठेवावेत: गेल्या बारा महिन्यांची बिले आणि वीज कधी, किती वेळ गेली याची महिनाभराची नोंद. पहिल्या कागदावर पॅनेलचा आकार ठरतो, दुसऱ्यावर बॅटरीचा.